वाड्याचे मागले दार

गेल्या डिसेंबरात आपल्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने श्रीलंकेचे दिग्दर्शक लेस्टर जेम्स पिरीस यांचा 'गंपेरळिय' हा चित्रपट दाखवला. वर्गात पडदा म्हणून पांढरी चादर होती, प्रोजेक्टर दोनदा बंद पडला, आणि तरीही शेवटपर्यंत कोणी उठले नाही. खेळ संपल्यावर पाहुणे वक्ते बोलायला उभे राहिले. त्यांनी पिरीस यांच्या आयुष्याची हकीकत फार रंगवून सांगितली. १९५५ साली पिरीस, छायालेखक विल्यम ब्लेक आणि संकलक टायटस थोटवत्ते या तिघांनी सरकारी चित्रपट विभागातली नोकरी सोडली आणि पुढच्याच वर्षी स्वतःच्या हिमतीवर 'रेखाव' हा चित्रपट उभा केला. एवढे सांगून वक्ते शेवटी म्हणाले, "ज्याला कलावंत व्हायचे आहे त्याने आधी राजीनामा लिहायला शिकावे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारची मैत्रीण तर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

मी टाळी वाजवली नाही. त्या दिवसापासून ही गोष्ट मनात सलत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे आप्पा बाजार समितीत हमाली करतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आप्पांना माझे विषय ठाऊक नाहीत, पण मी रात्री पुस्तक उघडून बसले की ते दूरदर्शन संचाचा आवाज बंद करतात आणि मुक्यानेच बातम्या पाहतात. त्यांची इच्छा एकच, एकदा सरकारी नोकरीची ऑर्डर घरात यावी. अशा घरातल्या मुलीला कोणी सांगितले की राजीनाम्याशिवाय कला नाही, तर तिने काय समजावे? ज्या नोकरीचे तोंडही अजून पाहिले नाही, तिचा राजीनामा लिहायचा कसा?

मग मी ठरवले की या माणसाविषयी मिळेल ते वाचायचे आणि मिळतील ते चित्रपट पाहायचे. ग्रंथालयातल्या सरांनी मदत केली. मोबाइलवर काही चित्रपट मिळाले. त्यातून जे मत बनले ते गुरुजनांची क्षमा मागून येथे मांडते.

पिरीस यांचा जन्म ५ एप्रिल १९१९ रोजी कोलंबोजवळच्या देहिवळ येथे झाला. वडील डॉक्टर, घराणे कॅथलिक, आणि घरात बोलायची भाषा इंग्रजी. बंधू आयव्हन पुढे नामवंत चित्रकार झाले. तरुणपणी लेस्टर लंडनला गेले. तेथून ते कोलंबोच्या वृत्तपत्रासाठी कला-नाट्यावर पत्रे लिहीत आणि हौसेने छोटे चित्रपटही काढत. श्रीलंकेच्या सरकारी चित्रपट विभागात आलेले ब्रिटिश माहितीपटकार राल्फ कीन यांच्या सांगण्यावरून ते १९५२ च्या सुमारास मायदेशी परतले. थोडक्यात सांगायचे तर, ज्या खेड्यांवर त्यांनी पुढे चित्रपट काढले त्या खेड्यांची बोली त्यांना नीट येत नव्हती. आपल्याच देशात ते एका परीने पाहुणे होते.

आता ज्या नोकरीवर लाथ मारल्याचे आपण कौतुक करतो, त्या नोकरीने त्यांना काय दिले तेही पाहू. १९५४ साली त्यांनी सरकारसाठी श्रीलंकेच्या कोरडवाहू भागातील हिवतापाविरुद्धच्या लढ्यावर माहितीपट केला. म्हणजे डासांच्या, तापाच्या, ओसाड पडलेल्या मुलखात त्यांना कॅमेरा घेऊन नेले ते सरकारी कामानेच. ब्लेक आणि थोटवत्ते हे दोन जिवाभावाचे सहकारी भेटले तेही त्याच कचेरीत. पिरीस यांनी नोकरी सोडली हे खरे, पण नोकरीने शिकवायचे ते शिकवून झाल्यावर सोडली, हे वक्त्यांनी सांगितले नाही. शिवाय डॉक्टरांच्या मुलाने नोकरी सोडणे आणि हमालाच्या मुलीने ती सोडणे यांत फरक आहे. हे मी पिरीस यांना कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. त्यांचे धैर्य मोठेच होते. पण ते धैर्य मला राजीनाम्यात दिसत नाही. राजीनाम्यानंतर ते कोठे गेले त्यात दिसते.

ते समजण्यासाठी त्या वेळचा सिंहली चित्रपट कसा होता हे माहीत हवे. पहिला सिंहली बोलपट 'कडवुनु पोरोन्दुव' जानेवारी १९४७ मध्ये प्रदर्शित झाला, पण तो तयार झाला आपल्या मदुराईच्या स्टुडिओत, आणि त्याचे दिग्दर्शक ज्योतिष सिन्हा हे बंगाली होते. पुढे कितीतरी वर्षे सिंहली चित्रपट दक्षिण भारतातल्या स्टुडिओंत, रंगवलेल्या पडद्यांपुढे, हिंदी आणि तमिळ चित्रपटांच्या चालींवर गाणी रचून तयार होत राहिले. माणसे सिंहली बोलत, पण नाटकातल्यासारखी. झाडे पुठ्ठ्याची, चांदणे विजेचे. एका देशाचा चित्रपट, आणि त्यात तो देशच कोठे नाही! शेजारच्या मोठ्या देशाची सावली लहान बेटावर कशी पडते याचे हे उदाहरण आहे, आणि ती सावली आपली होती हे आपण ध्यानात ठेवलेले बरे.

'रेखाव' डिसेंबर १९५६ मध्ये कोलंबोत झळकला. त्यात पहिल्यांदाच सिंहली चित्रपटाचा कॅमेरा स्टुडिओबाहेर पडून खऱ्या उन्हात, खऱ्या गावात फिरला. 'रेखाव' म्हणजे रेखा, तळहातावरची. उंच काठ्यांवर चालणारा एक खेळकरी गावात येतो, सेना नावाच्या पोराचा हात पाहतो आणि हा मोठा वैद्य होईल असे भाकीत करतो. पुढे सेनाच्या मैत्रिणीची गेलेली दृष्टी त्याच्या स्पर्शाने परत येते. गाव त्याला देव मानते, बाप त्याच्यावर पैसे कमावू लागतो. मग एका श्रीमंताचा मुलगा दगावतो, पाऊस पडत नाही, आणि तेच गाव त्या पोरावर उलटते. हे वाचताना कोणाला आपले गाव आठवणार नाही? आमच्या गावात अंगात येणाऱ्या एका बाईची अशीच गत झालेली मी लहानपणी पाहिली आहे.

हा चित्रपट १९५७ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. जगाने वाखाणला. पण घरच्या प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली. येथे आपण घाईने म्हणतो की लोकांना चांगले कळत नाही. मला तसे वाटत नाही. जो माणूस दिवसभर उन्हात खपून तिकीट काढतो, त्याला पडद्यावर पुन्हा तेच ऊन पाहावेसे वाटेलच असे नाही. आप्पासुद्धा मारामारीचेच चित्रपट पाहतात. तो त्यांचा अडाणीपणा नसून थकवा आहे.

पिरीस यांनी लोकांना दोष देत बसण्यापेक्षा पुढचे काम केले. १९६० मध्ये 'सन्देशय' हा पोर्तुगीज अमलाविरुद्धच्या उठावाचा चित्रपट काढला आणि तो चांगला चालला. त्यानंतर १९६३ मध्ये 'गंपेरळिय'. आणि पुढे 'गोळु हदवत' (१९६८), 'अक्कर पह' (१९६९) आणि 'निधानय' (१९७२) हे तीन चित्रपट त्यांनी सिलोन थिएटर्स या बड्या व्यावसायिक कंपनीसाठी केले. त्यातला 'निधानय' तर १९९७ साली श्रीलंकेच्या चित्रपटाच्या पहिल्या पन्नास वर्षांतला सर्वोत्तम ठरला. म्हणजे 'स्वतंत्र' म्हणून गौरवलेल्या या दिग्दर्शकाचे सर्वांत नावाजलेले काम कंपनीच्या पैशांवर झाले! तेव्हा स्वातंत्र्य पैसा कोणाचा यावर ठरत नाही असे म्हणावे लागते. पैसा कोणाचाही असो, ते माणसाकडे घाई न करता पाहत राहिले. मारामारी, नाच, आरडाओरडा घालण्याचा मोह त्यांनी आवरला. सदतिसाव्या वर्षी पहिला चित्रपट आणि २००६ साली, सत्त्याऐंशीव्या वर्षी, शेवटचा 'अम्मावरुने'. पन्नास वर्षांत वीसएक चित्रपट. २९ एप्रिल २०१८ रोजी, शंभरीला एक वर्ष उरले असताना, ते गेले. त्यांच्या पत्नी सुमित्रा पिरीस 'गंपेरळिय'च्या संकलक होत्या आणि पुढे १९७८ साली 'गेहेनु लमयि'पासून स्वतः दिग्दर्शिका म्हणून नावारूपाला आल्या. त्याही २०२३ साली निवर्तल्या. एवढी लांब वाटचाल एका राजीनाम्याच्या आवेशावर होत नसते.

आता 'गंपेरळिय'कडे वळते. मार्टिन विक्रमसिंह यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. 'गम' म्हणजे आपले ग्राम, आणि 'पेरळिय' म्हणजे उलथापालथ. आपल्याला त्यांच्या चित्रपटांची नावे पुष्कळदा न सांगता कळतात. सन्देशय, निधानय, कलियुगय, युगान्तय. त्यांच्या लिपीत आपल्यासारखा 'ळ'सुद्धा आहे. असो. दक्षिण किनाऱ्याकडच्या गावातले एक जुने घरंदाज कुटुंब, त्यांचा मोठा वाडा (त्यांच्याकडे त्याला 'वलव्व' म्हणतात), आणि त्या वाड्याची हळूहळू होणारी पडझड. वाड्यातल्या मुलीला, नंदाला, इंग्रजी शिकवायला येणारा पियल तिच्यावर जीव टाकतो, पण तो कमी कुळीचा म्हणून नाकारला जातो. नंदाचे लग्न तोलामोलाच्या जिनदासशी होते. जिनदास धंद्यासाठी दूर जातो आणि तिकडेच मरतो. तोवर पियल कोलंबोत व्यापार करून श्रीमंत झालेला असतो. वाडा खचतो आणि बाजार चढतो. गाणी नाहीत, स्टुडिओ नाही, कोणी ओरडत नाही. याच चित्रपटाला जानेवारी १९६५ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुवर्ण मयूर मिळाला. तो महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो. आपल्याकडचा सर्वांत मोठा चित्रपट सन्मान पहिल्यांदा मिळाला तो शेजारच्या छोट्या बेटाला, ही गोष्ट मला फार आवडली.

सुट्टीत मी घरी गेले तेव्हा हा चित्रपट मोबाइलवर आईला दाखवला. भाषा सिंहली, खाली ओळी इंग्रजी. मी एकेक ओळ मराठीत सांगू लागले तर ती म्हणाली, "थांब, सांगू नको. कळतंय." आणि तिला खरोखरच कळत होते. नंदा खिडकीशी उभी राहिली तेव्हा आईने सुस्कारा टाकला. जिनदास घराबाहेर पडला तेव्हा "हा काय परत येत नाही" असे तिने आधीच सांगून टाकले. पण अर्ध्यावर आल्यावर तिने एक प्रश्न विचारला, आणि मी गप्पच झाले. ती म्हणाली, "येवढ्या मोठ्या वाड्याचं शेणपाणी कोण करतं गं?"

वाचकहो, येथे एक सांगायला हवे. माझी आई मी सातवीत जाईपर्यंत आमच्या गावच्या एका वाड्यात धुणीभांडी करीत होती. आम्ही मागच्या दाराने आत जायचो. तो वाडा मी पुढच्या बाजूने कधी नीट पाहिलाच नाही. चित्रपटातल्या वाड्याच्या पडवीत, दालनात, पायऱ्यांवर कॅमेरा किती हळुवार फिरतो! तो पाहताना मी नंदाच्या दुःखात इतकी गुंतले होते की आपण कोठून आलो हेच विसरले. मराठीच्या पेपरात या वाड्याच्या ऱ्हासावर मी चांगली चार पाने लिहिली असती. आईने मात्र पहिल्या तासाभरात मागले दार शोधले. मग मी चित्रपट पुन्हा पाहिला तो कडेकडेने. राबणारी माणसे चित्राच्या कडेला होती. येतात, काही आणून ठेवतात, जातात. वाडा पडल्यावर त्यांचे काय होते हे आपल्याला कळत नाही.

म्हणून मी पिरीस यांच्यावर नाराज झाले का? नाही. इंग्रजी बोलणाऱ्या घरातला माणूस चालत चालत खेड्यातल्या वाड्याच्या पडवीपर्यंत आला, ही काही थोडी वाट नव्हे. 'निधानय'मध्ये तर त्यांनी वाड्याची लाजही राखली नाही. बुडत्या घराण्याचा मालक पुरलेल्या धनाच्या हव्यासापायी एका बाईशी लग्न करतो, ते तिचा बळी देण्यासाठी. वाड्याचे वैभव कशावर उभे असते, हे यापेक्षा उघड कोण सांगणार? पण त्यांची वाट बाहेरून आत येणारी होती आणि ती जेथवर आली तेथवर आली. आपल्यापैकी पुष्कळांची वाट उलटी आहे. आपण मागल्या दारातून निघून महाविद्यालयात आलो आहोत, आणि आल्याबरोबर आपली धडपड सुरू होते ती आपण पुढच्या दाराने आलो असे भासवण्याची. मी पहिल्या वर्षी बोलण्यातले 'न्हाई' आणि 'व्हय' किती कष्टाने काढून टाकले! पिरीस मोठेपणी ज्या भाषेकडे चालत गेले, तशा भाषेपासून आपण पळत सुटतो.

भाषेचे बोलते तर आणखी एक नमूद करते. 'रेखाव' आला त्याच १९५६ साली श्रीलंकेत सिंहली हीच एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला. त्याने तमिळ बांधव दुखावले, दुरावले, आणि पुढे १९८३ ते २००९ त्या बेटावर यादवी युद्ध चालले. एकाच वर्षी एका भाषेवरच्या प्रेमाचे दोन प्रकार दिसतात. एकाने भाषेचा हुकूम काढला. दुसरा त्या भाषेतल्या लोकांचे ऐकायला गेला. आपल्याकडे भाषेच्या अभिमानाच्या घोषणा होतात तेव्हा मला हे आठवते. मला दुसरा प्रकार हवा आहे.

शेवटी 'अक्कर पह'विषयी. नावाचा अर्थ पाच एकर. गरीब शेतकऱ्याचा मुलगा शिकायला शहरात जातो, घर त्याच्यासाठी पोटाला चिमटा काढते, आणि त्या अपेक्षा त्याला पेलत नाहीत. हा चित्रपट मी एकटीने पाहिला. आईला दाखवला नाही, आणि आप्पांना दाखवण्याचे धैर्य नव्हते. १९६९ साली दूरच्या बेटावर एकाने माझ्या मनातली सर्वांत मोठी भीती पडद्यावर मांडून ठेवली होती. पण त्यात उपदेश नव्हता, आणि मुलाला खलनायकही केले नव्हते. फक्त त्याच्याकडे आणि त्याच्या माणसांकडे सारख्याच मायेने पाहिले होते. पाहून झाल्यावर मी रडले, आणि नंतर बरे वाटले. चांगली कला आणखी काय करते, मला ठाऊक नाही.

तेव्हा पाहुण्यांच्या वाक्यावर माझे उत्तर असे. आमच्यापैकी ज्यांच्या घरात पहिली नोकरी अजून यायची आहे, त्यांनी ती खुशाल मिळवावी. पिरीस यांनीही सरकारी पगारात देश पाहिला होता. तलाठी झालात तर गाव पाहायला मिळेल, शिक्षक झालात तर पोरे पाहायला मिळतील. पाहणे मात्र थांबवू नये, आणि कोणाच्या दाराने पाहतो आहोत हे विसरू नये. राजीनामा द्यायचा असेल तर तो आधी आपल्या घराची लाज वाटण्याचा द्यावा.

मी स्वतः स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरला आहे. आप्पांनी परीक्षेचे शुल्क दिले ते सुट्या नोटांत, मोजून. त्याच आठवड्यात मी एक वही केली आहे. आई वाड्यातल्या त्या दिवसांविषयी भांडी घासताना जे बोलते ते मी रात्री तिच्याच शब्दांत उतरवून ठेवते, 'न्हाई' आणि 'व्हय'सकट. त्याचे पुढे काय होईल, कथा की चित्रपट की काहीच नाही, हे आज सांगता येत नाही. परवा आईने विचारले, "काय लिहितीयास येवढं?" मी म्हटले, "वाड्याचं शेणपाणी कोण करत होतं ते." ती हसली आणि म्हणाली, "मग नीट लिही. विहिरीवरनं पाणी कितींदा आणायची मी, ते राहिलं बघ."

(द्वितीय वर्ष, कला शाखा)